पारशिवनी ते सोनेगाव

पारशिवनीला पाहण्यासारखे काही नाही, असे तिथलीच माणसे आधी सांगतात आणि लगेच पाहुण्याला घोगरा महादेवाला घेऊन जातात. पेंच नदी तिथे खडकांतून वाट काढीत जाते. वरच्या अंगाला नवेगाव खैरीचे धरण, त्याहून वर तोतलाडोह आणि जंगल. एखाद्या खडकावर निवांत बसून मान वर करावी, तर आभाळात पांढऱ्या रेघा ओढत विमाने चाललेली दिसतात. मुंबई-कोलकाता आणि दिल्ली-चेन्नई या हवाई वाटा नागपूरच्या माथ्यावरच एकमेकींना छेदतात.

त्या रेघांकडे पाहून शेजारी बसलेले एक वयस्क शेतकरी म्हणाले, "आमाले नाही जमत भाऊ थे इमान. जमिनीवर पाय असला का मानूस वाचते." एवढे बोलून ते उठले आणि नातवाच्या फटफटीवर तिसरे म्हणून बसले. डोक्याला शिरस्त्राण एकाच्याही नव्हते.

या भीतीला हसू नये. तिला नागपूरकडे जुना आधार आहे. ३० जानेवारी १९४९ला देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चार शहरांहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला भेटत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि आपापल्या गावी परतत. थैल्यांबरोबर उतारूही असत. १२ डिसेंबर १९५३च्या पहाटे मद्रासला निघालेले असेच एक डाकोटा विमान उड्डाण होताच एका इंजिनाची शक्ती गेल्याने कोसळले. सारे उतारू गेले. वाचला तो एकटा वैमानिक. एका उतारूच्या विधवेचा भरपाईचा दावा पुढे कलकत्ता उच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथे असे ठरले की, तिकिटावरच्या अटींत जबाबदारी झटकणारे जे कलम होते ते कायदेशीरच आहे. म्हणजे माणूसही गेला आणि भरपाईही. आज तसे होत नाही. कायद्याने ती जबाबदारी विमान कंपनीवर घातलेली आहे.

बहात्तर वर्षांनी, १२ जून २०२५ला, अहमदाबादेत तेच दृश्य फार मोठ्या प्रमाणात दिसले. विमान वर चढते न चढते तोच पडले. आतल्या २४२ जणांपैकी एकच वाचला. जमिनीवरचे धरून २६० माणसे गेली. त्या आठवड्यात कितीतरी घरांतून विमानाची तिकिटे रद्द करण्याच्या गोष्टी निघाल्या असतील.

आता दुसरा आकडा पाहा. २०२२ या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. रोजची सरासरी काढली तर चारशे साठाच्या वर जाते. याचा अर्थ असा की, अहमदाबादेला जेवढी माणसे गेली तेवढी आपले रस्ते सुमारे साडेतेरा तासांत घेतात. सकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत! आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा, शंभरात चव्वेचाळीसाच्या आसपास, दुचाकीवाल्यांचा. ही माणसे एकदम आणि एका जागी मरत नाहीत, म्हणून पहिल्या पानावर येत नाहीत, इतकेच.

हिशेबाच्या बाबतीत मात्र प्रामाणिक असावे. मैलामैलाने मोजले तर विमान मोटारीपेक्षा कितीतरी पट सुरक्षित ठरते. पण त्या मापात विमानाला थोडे झुकते माप मिळते. विमानाचा धोका चढण्या-उतरण्याच्या काही मिनिटांत साठलेला असतो, मधले शेकडो मैल जवळजवळ फुकटचे. मोटारीचा धोका गावच्या वेशीपासून घराच्या फाटकापर्यंत सारखा पसरलेला. फेरीगणिक मोजले, तर लहान पल्ल्यावर विमानाची आघाडी पुष्कळ कमी होते. शिवाय पारशिवनीच्या बाजाराला विमान जात नाही!

म्हणून इथल्या माणसाने मुंबईचे विमान पकडायचे ठरवले, तर त्याने खरे भ्यावे ते सोनेगावच्या विमानतळापर्यंतच्या वाटेला. आमडी फाट्याला महामार्ग लागतो. मग कन्हान, कामठी. हा कोळशाच्या खाणींचा मुलूख. ट्रकांची रांग संपत नाही. त्यांच्यामधून सायकली, बैलगाड्या, शाळेची पोरे आणि उलट्या बाजूने येणारा एखादा शहाणा. विमानाच्या चालकाला किती तास काम करायचे याची मर्यादा आहे, शेजारी दुसरा चालक आहे; ट्रकचालकाचा जोडीदार पुष्कळदा मागे झोपलेला असतो.

मला सर्वांत मोठा फरक वाटतो तो अपघातानंतरचा. विमान पडले की आवाज टिपणारी पेटी शोधतात, तुकडा न् तुकडा तपासतात. अहमदाबादचा प्राथमिक अहवाल महिन्याभरात लोकांपुढे आला. त्यातून उद्याची विमाने शहाणी होतात. फाट्यावर फटफटी ट्रकखाली गेली की पंचनामा होतो, चूक कुणाची ते ठरते आणि वळण तसेच राहते. तिथे झाड होते काय, दिवा होता काय, कुणी विचारत नाही. बघे जमतात, पण जखमीला उचलायला कचरतात. पोलिसांचे लचांड नको म्हणून. वास्तविक २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात अशा मदतनिसाला संरक्षण दिले आहे. त्याने आपले नाव सांगितलेच पाहिजे असेही नाही. ही गोष्ट आमडी फाट्यावरच्या चहाच्या टपरीत तरी पाटीवर लिहून लावायला हवी.

याच महामार्गावर पुढे, मनसर ओलांडून खवाशाकडे जाताना, पेंचच्या जंगलात रस्ता खांबांवर उचलून घेतला आहे. खालून वाघ, चितळ, रानकुत्री जातात. त्यांची छायाचित्रेही टिपली गेली आहेत. जनावरांना कुठून पलीकडे जायचे ते कळावे म्हणून तज्ज्ञांनी वर्षानुवर्षे विचार केला. कन्हानला शाळा सुटते तेव्हा पोरे अजून हात वर करून ट्रक थांबवतात.