चाकावरची अक्षरे

माणसाला मोकळी जागा दिसली की तिच्यावर काहीतरी लिहिल्यावाचून चैन पडत नाही. देवळाच्या भिंती घ्या, गडाचे बुरूज घ्या. वर्गातले बाक तर माझ्या रोजच्या वाचनातलेच! ट्रकच्या पाठीवरचे वाङ्मय हा एका स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. या कलेला आता मोटारीचे टायरही पुरेनासे झाले आहेत.

माझ्या भाच्याने यंदा एक जुनी मोटार घेतली आणि पहिल्याच रविवारी तो टायरपुढे मांडी ठोकून बसला. टायरच्या कडेवर कंपनीचे नाव उठावाच्या अक्षरांत असते. पण काळ्यावर काळे, ते दिसणार कुणाला? ते पांढऱ्या रंगाने भरायचे, म्हणजे गाडी शर्यतीतली वाटते म्हणे! अमेरिकेत १९७०च्या सुमारास अशा टायरांची मोठी चलती होती. तिथे काळ्या रबराखाली पांढऱ्या रबराचा थर घालीत आणि अक्षरांवरचा काळा पापुद्रा घासून काढीत. आमच्याकडे मात्र बाजारातून आणलेली रंगाची लेखणी होती.

काम दिसते तितके सोपे नाही. आधी टायर साबणाने घासायचा, मग ॲसिटोनने पुसायचा. कारण रबरात घातलेले मेण सारखे वर येत असते आणि रंगाला टिकू देत नाही. मग पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा दुसरा हात. जाड थर दिला की तडकलाच. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला टायरची कड दबते आणि पुन्हा उठते. ताठ रंगाला ही कवाईत सोसत नाही. अक्षर म्हणजे न झिजणारे, ही व्युत्पत्ती मी मुलांना दरवर्षी सांगतो. इथे ते झिजण्यासाठीच जन्मलेल्या वस्तूवर बसले होते!

"मामा, काळ्या टायरला जरा रूप आलं की नाही?" भाचा म्हणाला.

मी म्हटले, "अरे, त्याचा काळेपणा हाच त्याचा गुण आहे!" आणि ते खरेच आहे. आरंभीचे टायर फिकट रंगाचे असत. मिशेलिन कंपनीचा १८९८ साली जन्मलेला तो गुबगुबीत टायरमानव पांढरा आहे, तो त्यामुळेच. पुढे रबरात काजळी मिसळू लागले आणि ते कितीतरी चिवट झाले. आपल्याकडे काजळ दृष्ट लागू नये म्हणून लावतात; टायरला ते आयुष्य वाढावे म्हणून लागते.

भाचा मोठी अक्षरे रंगवीत होता. मराठीच्या मास्तराला अक्षर दिसले की वाचल्यावाचून राहवत नाही, म्हणून मी बारीक अक्षरे वाचू लागलो. '१८५/६५ आर १५ ८८ एच' – पाणिनीच्या सूत्राची आठवण व्हावी असा हा आटोपशीर मजकूर! रुंदी १८५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रेडियल बांधणी, आतली रिंग १५ इंचांची. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो भार पेलतो आणि 'एच' म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग.

जरा पलीकडे एका लांबट चौकटीत चारच आकडे होते : ०९१३. टायरची ही जन्मपत्रिका. २०१३ सालचा नववा आठवडा!

गाडी फारशी फिरलेली नव्हती. टायर गोटा झाले नव्हते, नक्षी शाबूत होती. विकणाऱ्याने तीच दाखवून 'टायर नव्यासारखे' म्हटले होते. पण रबर नुसते उभे राहूनही म्हातारे होते. ते कडक होते, त्याला बारीक चिरा पडतात. नक्षी कितीही चांगली असो, दहा वर्षांपलीकडे टायर वापरू नये, असे बरेच टायरवाले स्वतःच सांगतात. आणि याच टायरांवर भाचा पुढच्या आठवड्यात माझ्या बहिणीला घेऊन समृद्धी महामार्गाने नागपूरला निघाला होता. त्या रस्त्यावर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. तासन्‌तास त्या वेगाने धावताना टायर तापतो आणि म्हातारे रबर दगा देते. तिथे टायर फुटून झालेले अपघात आपण वर्तमानपत्रांत वाचले आहेत.

मी आकड्यांवर बोट ठेवले. भाच्याने ते वाचले, हिशेब केला आणि लेखणीला टोपण लावले. दोन दिवसांत चारही टायर बदलले. माझी बहीण नागपूरला सुखरूप पोहोचली. वाटेत झोप छान लागली, एवढेच तिने फोनवर सांगितले.

त्याच्या या छंदाला घरात सगळे हसले होते. मी मात्र हसत नाही. दसऱ्याला आपण गाडीला झेंडूची माळ घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. पण चाकाशी वाकून वाचतो कोण? नटवण्याच्या हौसेने तो पोरगा जमिनीवर बसला, त्याच्याशेजारी मी बसलो, म्हणून ते चार आकडे नजरेला पडले. हौसेला मोल नाही म्हणतात. माझ्या हिशेबी ते आहे : चार टायर आणि दोन जीव.