केडगावच्या कोठीत

पहाटे पाचच्या सुमारास गुलटेकडीच्या मार्केट यार्डात शिरणाऱ्याला एकाच आवारात दोन निरनिराळे प्रहर नांदताना दिसतात. भाजीपाल्याच्या बाजूस दिवस ऐन भरात आलेला असतो. रात्रीतून आलेल्या गाड्या रिकाम्या होत असतात, आडत्यांचे पुकारे चाललेले असतात आणि कोथिंबिरीच्या ओल्या जुड्यांचा वास थंड हवेत दूरवर पोहोचलेला असतो. भुसार विभागात मात्र अद्याप रात्रच असते. गाळ्यांची शटरे खाली, थप्प्यांवर ताडपत्र्या आणि ओट्यावर एखादा हमाल डोक्याखाली रिकामे पोते घेऊन निजलेला. त्या दिवशी या निद्रिस्त रांगेत आमचा एकच गाळा उघडा होता, कारण तांदूळ, तूरडाळ, ज्वारी आणि चार ढेपा गूळ एवढा माल टेम्पोत भरून मला दौंड तालुक्यातील केडगावी, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनात, पोहोचवायचा होता. आणि माल पोहोचवून परत न येता महिनाभर तेथील कोठीच्या हिशेबाला हातभार लावायचा होता.

ही कामगिरी मजकडे आली ती माझ्या धंद्यामुळे. छत्तीस वर्षे मी भुसार मालाच्या पेढीवर दिवाणजी होतो. रोजकीर्द, खतावणी, आवक-जावक, हमाली, तोलाई, आडत आणि वर्षअखेरीचा ताळेबंद एवढ्याच विश्वात माझे आयुष्य गेले. आमच्या पेढीच्या जुन्या वह्या नाना पेठेतून या यार्डात आल्या, त्या डोक्यावरून वाहून आणणाऱ्यांपैकी काही हमाल मी पाहिले आहेत. बाबा आढावांनी १९५५ साली हमाल पंचायत उभारली आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला, तेव्हा पाठीवर ओझे वाहणाऱ्या माणसाचे नाव प्रथमच कोणाच्या तरी दप्तरात सन्मानाने लागले, असे ते सांगत. आणि ते सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज येई ते मला विसरता येत नाही. बाजारात राहून मी एक गोष्ट शिकलो होतो, निदान शिकलो असे समजत होतो. ती अशी की विश्वास म्हणजे पत, आणि पत म्हणजे मागच्या व्यवहारांची शिल्लक. ज्याने दहादा दिले तो अकराव्यांदा देईल. ज्याची खतावणी कोरी त्याला उधार नाही. ही व्याख्या मनाशी पक्की धरूनच मी टेम्पोत चालकाशेजारी बसलो.

हडपसर मागे पडले की सोलापूर रस्ता सपाटीला लागतो. तुकोबारायांची पालखी दर आषाढी वारीत याच रस्त्याने लोणी काळभोर, यवत, वरवंड असे मुक्काम करीत पुढे जाते. आमच्या घरी वारी असल्यामुळे या मार्गावरील विसाव्याच्या जागा मला पायांनी ठाऊक आहेत. परंतु त्या दिवशी वाहनात बसून जाताना एक वेगळाच विचार मनात आला. तुकोबा हे वाण्याच्या दुकानावर बसलेले गृहस्थ. १६३० च्या सुमारच्या भीषण दुष्काळाने त्यांचा धंदा बुडवला, घरातील माणसे नेली. आणि परंपरा सांगते की त्यानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली. दिवाणजीच्या मनाला या प्रसंगाइतका अस्वस्थ करणारा प्रसंग दुसरा नाही. कीर्तनात तो ऐकताना मी मान डोलावीत असे. पण आमच्या पेढीची येणी कोणी मुठेत सोडली असती तर मी मान डोलावली असती काय?

उरुळी कांचन आले, जेथे १९४६ साली गांधीजींनी निसर्गोपचार आश्रम सुरू केला; मग यवत; मग चौफुला. येथून एक वाट दक्षिणेस सुप्याकडे जाते आणि दुसरी उत्तरेस केडगावकडे. खडकवासल्याहून निघालेला मुठेचा कालवा एकोणिसाव्या शतकातच पाटसपर्यंत पोहोचल्याने या कोरड्या भीमथडीचा एक पट्टा हिरवा झाला, आणि आज चौफुल्यापाशी वळताच गुऱ्हाळांचा गोड-धुरकट वास येऊ लागतो. याच मुलखातला गूळ मार्केट यार्डात आमच्या समोर येऊन पडतो. आणि आम्ही तोच गूळ पुन्हा केडगावला घेऊन निघालो होतो.

केडगावला स्टेशन आहे. पुण्यापासून दिकसाळपर्यंत लोहमार्ग सुरू झाला तो १८५८ साली, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलात सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात अनंतशास्त्री डोंगरे यांच्या आश्रमात रमाबाईंचा जन्म झाला. पत्नीस संस्कृत शिकवले म्हणून ज्यांना आप्तेष्टांचा रोष पत्करावा लागला असे हे शास्त्रीबुवा. त्यांची कन्या पुढे कलकत्त्याच्या पंडितांकडून ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळवती झाली. पण त्या सन्मानाच्या आधीची वर्षे उपासमारीची होती. दुष्काळात वडील गेले, आई गेली, बहीण गेली. उरलेली दोन भावंडे पायी हिंदुस्थान पालथा घालीत राहिली. भुकेने मरणाऱ्या माणसाचा चेहरा रमाबाईंनी पुस्तकात वाचला नव्हता, घरात पाहिला होता. केडगावचा सारा इतिहास मला या एका वस्तुस्थितीतून उगवलेला दिसतो.

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची धामधूम सुरू असल्यामुळे एवढ्या जणींना शहरात ठेवण्यास सरकारी मज्जाव झाला. म्हणून फळबागेसाठी घेऊन ठेवलेल्या केडगावच्या शेतजमिनीवर त्यांना आणले गेले. जेथे फळांचे उत्पन्न यावयाचे तेथे माणसे येऊन राहिली. पुढे १९०० साली गुजरातेतील दुष्काळपीडित मुली आल्या आणि वस्ती दीड हजारांच्या वर गेली.

कोठीत बसल्यावर पहिल्याच दिवशी मी एक हिशेब मांडला, सवयीने. दीड हजार माणसे. माणशी रोज अर्धा किलो धान्य धरले तरी साडेसात क्विंटल. महिन्याचे सव्वादोनशे क्विंटल. आजच्या दहा टनी ट्रकाचे सव्वादोन ट्रक, केवळ धान्याचे. त्यात डाळ नाही, तेल नाही, सरपण नाही, कपडा नाही. हा आकडा कागदावर उतरल्यावर मी बराच वेळ पेन खाली ठेवून बसलो. कारण याच्या जमेच्या बाजूस काय लिहावे? बोस्टनमध्ये १८८७ च्या अखेरीस स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे मदतीचे वचन दिले होते, ते रमाबाईंनी विधवांच्या शिक्षणासाठी काढलेल्या शारदा सदनासाठी. ती मुदत सरत आली होती, आणि दुष्काळातल्या शेकडो मुली तर कोणाच्याच अंदाजपत्रकात नव्हत्या. रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवले आहे की ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांचे चरित्र त्यांच्या वाचनात आले होते. या म्युलरसाहेबांनी कोणाकडे पैशाची मागणी न करता, केवळ प्रार्थनेच्या आधारावर, हजारो अनाथ मुलांचा सांभाळ केला होता. रमाबाईंनी तोच मार्ग धरला.

बाजारी बुद्धीला हा वेडेपणा वाटेल. मलाही प्रथम तसेच वाटले. परंतु मिशनातील ज्या बाईंच्या हाताखाली मी काम करीत होतो त्या कोठीत येत, वजनकाट्यापाशी उभ्या राहत, पोत्यातून सांडलेले मूठभर दाणे देखील झाडून पुन्हा पोत्यात टाकावयास लावीत. आवक नोंदल्याशिवाय माल आत जाऊ देत नसत. एकदा डाळीच्या नोंदीत अडीचशे ग्रॅमचा फरक आला तेव्हा रुजुवात होईपर्यंत त्यांनी मला उठू दिले नाही. “दिवाणजी, हे आपलं नाही ना, म्हणून मोजायचं,” एवढेच त्या म्हणाल्या. बाजारात आम्ही आपले म्हणून मोजतो. छत्तीस वर्षांत मला कोणी हे उलटे करून सांगितले नव्हते. उद्याची तरतूद दुसऱ्याच्या हवाली केली म्हणून आजचा हिशेब ढिला होत नाही; तो अधिकच कडक होतो, कारण धनी समोर नाही आणि विचारणार मात्र आहे.

ही श्रद्धा रमाबाईंच्या ठायी कोठून आली हे कळावे म्हणून येथे मला फुलहॅमची आठवण सांगितली पाहिजे. १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील भगिनींच्या मठात राहिल्या. त्या भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅम येथील आपले आश्रमगृह पाहावयास नेले. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रिया तेथे ठेवल्या जात; आणि त्यांतल्या काही जणी इतक्या पालटल्या होत्या की त्या स्वतःच आजाऱ्यांची शुश्रूषा करीत होत्या. या स्त्रियांविषयी एवढी कणव का, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना दाखवण्यात आली. परदेशातील एका आश्रमात चार दिवस वावरून त्यांची श्रद्धा हलली. ग्रंथाने हलली ती नंतर. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी आपल्या कन्येसह बाप्तिस्मा घेतला. तरीही त्यांनी आपली बुद्धी तारण ठेवली नाही. मठातील भगिनींशी त्यांचा पत्रव्यवहार चाले तो वादाचा. त्यांनी शाकाहार सोडला नाही, आणि क्रूसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे असावीत असा आग्रह धरला. अंतःकरणाचे खरे समाधान आपल्याला बाप्तिस्म्यानंतर कैक वर्षांनी लाभले, असेही त्यांनी मोकळेपणाने नमूद केले आहे. नोंद एका तारखेस झाली, भरणा दुसऱ्या तारखेस पोहोचला. आणि मधल्या काळातील थकबाकी त्यांनी लपवली नाही. हा प्रामाणिकपणा मला फार मोठा वाटतो.

पुण्याने त्यांच्याशी कसे वर्तन केले, हे सांगणे मला कष्टाचे आहे, पण पुणेकर म्हणून ते टाळणे बरे नव्हे. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस निघालेले शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यास आले. विधवांच्या शिक्षणाचे हे घर. पुढे महर्षी कर्व्यांच्या सहधर्मचारिणी झालेल्या गोदूबाई येथल्याच विद्यार्थिनी. पण मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात या बोभाट्याने १८९३ मध्ये गदारोळ उठला, ‘केसरी’ने झोड उठवली, आणि रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनीही आपले अंग काढून घेतले. धर्मांतराविषयीची ती शंका निराधार नव्हती. पुढे कित्येक मुली ख्रिस्ती झाल्या, आणि निराश्रित मुलीच्या संमतीला कितपत संमती म्हणावे हा प्रश्न वारकऱ्याच्या घरात जन्मलेल्या मला आजही अवघड वाटतो. परंतु ज्या मुलींना दुष्काळात कोणी घरात घेतले नाही त्यांच्या श्रद्धेची चौकशी आपण मागाहून करावी, हे मला त्याहूनही अवघड वाटते. या दोन अडचणींची वजावट मला करता आलेली नाही.

पहिल्या दिवशीची एक गोष्ट राहिली. कोठीची नवी वही उघडताच माझ्या हाताने, मला कळण्यापूर्वी, पानाच्या शिरोभागी ‘श्री’ काढला. आम्हा वहीवाल्यांचा हात त्याशिवाय पुढे सरकतच नाही. मी ओशाळून पान फाडण्याच्या बेतात होतो. बाईंनी वही आपल्याकडे ओढून घेतली, क्षणभर पाहिले, त्या अक्षराखाली तारीख घातली आणि तांदळाची पोती मोजावयास सांगितली. तो ‘श्री’ वहीत अजून आहे.

सायंकाळी काम आटोपले की मी आवारातून फिरत असे. दगडी प्रार्थनामंदिर, जुन्या विहिरी, रमाबाईंची समाधी. येथील छापखान्याचे मला विशेष कुतूहल होते. हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून घेऊन रमाबाईंनी अख्ख्या बायबलाचे भाषांतर साध्या मराठीत केले. ज्यांची अक्षरओळख याच आवारात झाली त्या स्त्रियांनी खिळे जुळवून ते छापले. १९२१ साली मनोरमा, एकुलती कन्या आणि उजवा हात, निवर्तली. त्यानंतरही त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही, आणि भाषांतर पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. संस्कृतात सभा जिंकणाऱ्या पंडितेने आयुष्याच्या अखेरीस अवघड शब्द वेचून बाजूस काढले, ते शेतावरच्या बाईला कळावे म्हणून. परदेशाहून येथे सेवेसाठी आलेल्या स्त्रियाही अनेक. अमेरिकेच्या मिनी अब्राम्स १८९८ च्या सुमारास येऊन रमाबाईंच्या सोबतीस राहिल्या. ज्या देशांत रमाबाई शिकावयास गेल्या तेथून माणसे केडगावला आली, हा उलटा प्रवाह मला कोरड्या मुलखात पाणी आणणाऱ्या त्या कालव्यासारखाच वाटला.

शेवटच्या आठवड्यात आम्ही आणलेली तूरडाळ निवडावयास काढली. ओसरीवर काही वृद्ध स्त्रिया बसल्या होत्या. त्यांतल्या एक आजी अंध होत्या. त्यांच्यापुढे सूप ठेवलेले पाहून मी म्हणालो, “आजी, माल एक नंबर आहे. नमुना मी स्वतः पाहिलाय. खडा मिळायचा नाही.” त्यांनी उत्तर दिले नाही. डाळ बोटांतून हळूहळू सोडीत राहिल्या. काही वेळाने दोन बोटांत काहीतरी धरून त्यांनी तळहात माझ्यापुढे केला. डाळीच्याच रंगाचा, डाळीएवढाच, खडा. मग म्हणाल्या, “दिवाणजी, यात जुनी डाळ मिसळलीय. जुनी हलकी लागते.” मी दोन्ही प्रकारचे दाणे उजेडात धरले, मला फरक दिसला नाही. रात्री कोठीत जाऊन वेगळे काढलेले दाणे काट्यावर घातले तेव्हा आजींचे म्हणणे खरे निघाले.

“एवढं बारीक कशाला बघता?” असे मी दुसऱ्या दिवशी त्यांना विचारले. “लेकरांच्या दाताखाली येतं,” त्या म्हणाल्या, आणि सूप पुन्हा हलवू लागल्या.

पुण्यास परतलो त्या सकाळी मी घरी न जाता यार्डातच उतरलो. अकरा वाजून गेले होते, भुसार विभाग जागा झाला होता. आमच्या गाळ्यावर सोलापूरकडून तुरीची गाडी आली होती आणि शेठजींनी नेहमीप्रमाणे मूठभर नमुना माझ्या हातावर ठेवला. पूर्वीचे व्यापारी रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवीत, ती हत्ता पद्धत या बाजारातून कधीच उठून गेली आहे. मी नमुना उजेडाकडे नेला नाही. डोळे मिटले, आणि दाणे एकेक करून बोटांतून सोडू लागलो. शेठजी थांबून राहिले.