हातातोंडाची गाठ

मराठीने कोपराला कधी फारसा मान दिला नाही. डोळे, हृदय, पावले यांना कवींनी डोक्यावर घेतले; कोपराच्या वाट्याला आली ती कोपरखळी. न मिळणाऱ्या गोष्टीची आशा दाखवायची तर आपण कोपराला गूळ लावतो आणि एखाद्याचा अगदी वीट आला म्हणजे त्याला कोपरापासून हात जोडतो. आमच्या बेळगावात कानडी शेजारी गुडघ्याला ‘मोणकालु’ आणि कोपराला ‘मोणकै’ म्हणतात; म्हणजे तिथेही त्याची ओळख गुडघ्याचा भाऊ एवढीच. पण हातातोंडाची गाठ पडते ती या कोपरामुळे, हे आमच्या घराला आमवाताने शिकवले.

आमच्या सौभाग्यवतींना या दुखण्याने चाळिशीतच गाठले. आधी बोटे, मग मनगटे, आणि पन्नाशी उलटता उलटता उजवे कोपर. हाडांवरची गुळगुळीत कूर्चा झिजून गेली आणि हाडावर हाड घासू लागले. कोपर ऐंशी अंशांच्या पुढे वाकेना. घास तोंडाशी येत नाही म्हणून ती तोंड घासापाशी नेऊ लागली. वेणी सुनेच्या हाती गेली, कुंकू डाव्या हाताने लागू लागले. वेदनेबद्दल तिने कधी तक्रार केली नाही. पण लग्नामुंजीच्या पंगतीला जाणे मात्र गुपचूप बंद केले.

२०१२ साली पुण्याच्या एका शल्यविशारदांनी कृत्रिम कोपराचा विचार सांगितला. आमच्या गल्लीत गुडघे बदललेली चार माणसे होती, कोपर बदललेले एकही नव्हते. डॉक्टरांनी हिशेब मांडला. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या बर्नार्ड मॉरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली मोजून दाखवले होते, की जेवण, अंघोळ, केस विंचरणे अशा नित्याच्या कामांना कोपर साधारण ३० अंशांपासून १३० अंशांपर्यंत वाकले तरी पुरते. म्हणजे शंभर अंशांचा संसार. हिच्यापाशी त्यातला निम्माच उरला होता.

मी उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये तीस वर्षे काढली, हे कळल्यावर डॉक्टरांनी नमुन्याचा संच टेबलावर ठेवला. मला तर माहेरी आल्यासारखे वाटले! रीमर होते, कानशी होत्या, करवत नेमकी चालावी म्हणून जिग होते. आम्ही बोअरमध्ये गेज घालून माप पाहतो, तसे खरा सांधा बसवण्याआधी घालून पाहायचे ‘ट्रायल’चे तुकडे होते. सांधा म्हणजे दोन धातूचे दांडे, एक दंडाच्या हाडात आणि एक पुढच्या हाताच्या करंगळीकडच्या हाडात. मध्ये आडवी पिन आणि तिच्याभोवती प्लास्टिकचे बुश. दांडे हाडाच्या पोकळीत पक्के करायचे ते पूड आणि द्रव कालवून केलेल्या सिमेंटने. ते दहा-बारा मिनिटांत दगड होते. तेवढ्यात काम उरकावे लागते. पोकळी इतकी अरुंद, की सिमेंट बारीक नळीच्या पिचकारीने भरतात. आणि या सगळ्याच्या आधी ती शीर जपून बाजूला घ्यायची, जिला धक्का लागला की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात.

मी पिनला हात लावून पाहिला आणि चपापलो. सांधा डुगडुगत होता. आमच्या धंद्यात असा माल नापास. “साहेब, याला प्ले आहे,” मी म्हणालो. डॉक्टर हसले. “तोच तर विकत घ्यायचा आहे.”

मग त्यांनी सांगितलेली हकीकत माझ्यासारख्याला विसरता येणार नाही. लंडनचे रॉजर डी यांनी सिमेंटने बसवलेल्या बिजागरीवर १९७२ साली लेख लिहिला. त्या पहिल्या पिढीच्या बिजागऱ्या घट्ट होत्या, फक्त पुढेमागे हलणाऱ्या. पण माणसाचा हात दरवाजा नव्हे. तो वाकताना थोडा बाजूलाही झुकतो, पिळतो. घट्ट बिजागरीत तो पीळ जिरायला जागाच नव्हती. तो थेट सिमेंटवर गेला आणि काही वर्षांत दांडे हाडात खिळखिळे झाले. पुढे अमेरिकेतल्या कूनराड आणि मॉरी यांच्या सांध्यात बाजूला सुमारे सात अंश हलण्याची मोकळीक आली. पीळ आता स्नायूंनी आणि भोवतालच्या बंधांनी वाटून घेतला, आणि सांधे टिकू लागले. आपल्याकडेही कोलकात्याचे डॉ. डी. पी. बक्सी यांनी अशीच सैल बिजागरी बनवली. तिच्यावरचा त्यांचा लेख १९९८ साली ब्रिटनच्या अस्थिशल्य नियतकालिकात छापून आला. तीस वर्षे मी जो दोष म्हणून नाकारला, तो इथे औषध होता.

पण किंमत सांगायची राहिली होती. नव्या हाताने एका वेळी पाच किलोंहून जास्त कधीही उचलायचे नाही आणि वारंवार उचलायचे ते एक किलोच्या आत. महिना-दोन महिने नव्हे, जन्मभर. हिशेब मला पटला. दंडाचा स्नायू कोपरापासून जेमतेम दोन इंचांवर जोडलेला आणि ओझे तळहातावर तेरा-चौदा इंच लांब. एक किलोसाठी स्नायूला सहा-सात किलोंचा ओढा द्यावा लागतो आणि तो सारा सांध्यावर येतो. शिवाय कोपरावरची कातडी पातळ, त्यामुळे जंतुसंसर्गाची भीती गुडघ्यापेक्षा अधिक.

हिने सारे ऐकून घेतले आणि एकच विचारले, “नातवाला उचलता येईल?” तो तेव्हा सात महिन्यांचा होता, आठ किलोंचा.

“मांडीवर द्यायला सांगा. स्वतः उचलू नका.”

परतीच्या गाडीत ती कराडपर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, “अहो, त्याला उचलायला तुम्ही सगळे आहात. माझा घास मात्र मलाच उचलायचाय.” ठरले.

शस्त्रक्रिया झाली, त्याला आता बारा वर्षांहून अधिक काळ लोटला. घरी आल्यावर मी काट्यावर एकेक भांडे ठेवून पाहिले. पाण्याने भरलेला तांब्या एक किलोच्या वर गेला, वरणभाताचा कुकर साडेतीन, भिजलेली चादरही नियमात बसेना. कळशी, वरवंटा, सोऱ्या यांची बदली झाली. नातू रडत हात पसरून आला की ती जमिनीवर बसायची आणि तो स्वतःच मांडीवर चढायचा. चालायला लागायच्या आत त्याला आजीचा नियम कळला होता.

आता आमवातावर चांगली औषधे वेळेवर मिळतात, त्यामुळे सांधे या थराला येणारे रुग्ण कमी झाले आहेत. हे कोपर आता अधिक करून पडून हाडाचा चुरा झालेल्या वृद्धांना बसवतात, असे डॉक्टर सांगतात. हिचे बुश झिजत असतील. ते बदलता येतात, एवढे मी विचारून ठेवले आहे.

यंदाही फराळात सोऱ्या मुलगा दाबील, कढई सून उतरवील. करंज्यांवर कातणे फिरवायचे काम हिचे; त्याचे वजन मी केलेले नाही. पहिल्या घाण्यातली करंजी मोडून चव पाहायचा मानही तिचाच. आता ती ताठ बसून ती तोंडात टाकते.