दादा, थकलास ते समजतं

प्रिय दादा,

परवा फोनवर तू म्हणालास, "बस झालं आता, किती जणांना पोसायचं?" मी विषय बदलला, पण वाक्य डोक्यातून जाईना.

2015 च्या सप्टेंबरात म्युनिकच्या स्टेशनवरून तूच फोटो पाठवले होतेस ना? केळ्यांची खोकी, डायपरची पाकिटं, खेळण्यातली अस्वलं. निर्वासितांची गाडी आली की लोक टाळ्या वाजवायचे. सामान इतकं जमलं की पोलिसांनाच सांगावं लागलं, आता आणू नका. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर सापडलेल्या अ‍ॅलन कुर्दीचा फोटो त्याच आठवड्यातला. त्या वर्षात जवळपास 8 लाख 90 हजार माणसं तुमच्या जर्मनीत आश्रयाला आली आणि तू ऑफिस सुटलं की स्टेशनवर.

किल्लारीचा भूकंप आठवतो? 1993. गल्लीनं टेम्पो भरला. आईनं कपाटातलं नवं लुगडं काढून दिलं आणि तू तिच्याशी भांडलास. वर्षभरानं आपल्या गल्लीत किल्लारीचं नाव कुणी काढत होतं का? ती तर आपल्याच भाषेची माणसं. कळवळा सगळ्यांचाच आटतो रे. तू थकलास, यात मला वावगं काही दिसत नाही.

राग येतो तो त्या थकव्यावर मतं मागणाऱ्यांचा. तुमच्याकडची एएफडी पार्टी 2013 साली निघाली ती युरोच्या विरोधात, मतं 4.7 टक्के, संसदेत एकही जागा नाही. मग तिला निर्वासित सापडले. 2017 ला 12.6 टक्के, 2025 ला 20.8 आणि थेट दुसरा नंबर. त्या निवडणुकीच्या दहा दिवस आधी तुझ्याच शहरात एका अफगाण तरुणानं मोर्चात गाडी घातली. दोन वर्षांची मुलगी आणि तिची आई गेली. त्या रात्री तुझा आवाज कापत होता. ती भीती खोटी, असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? पण त्या घरच्यांनीच विनवलं ना, की आमच्या माणसांच्या नावानं द्वेष पसरवू नका? ज्यांचं गेलं ते हे म्हणतात, आणि आपण?

तुमच्या राज्यघटनेत 1949 सालीच छळातून पळालेल्यांना आश्रयाचा हक्क दिला. पुढे तो बराच आवळला, ते जाऊ दे. पण हक्क कशाला? दया पुरली नसती? हिटलरपासून पळणाऱ्यांना देशोदेशींची दारं कशी बंद झाली, ते त्या पिढीनं पाहिलं होतं. लोकांना कळवळा येईनासा झाला तरी चालेल, अशी काही सोय त्यांना हवी होती.

2024 च्या जानेवारीत पॉट्सडॅमच्या त्या गुप्त बैठकीची बातमी आली, परक्या वंशाच्या लोकांना परत धाडण्याची. तू हसलास, "माझा पासपोर्ट जर्मन आहे." दादा, त्या बातमीत पासपोर्टवालेही होते.

मत कुणाला दिलंस, विचारत नाही. गणपतीला ये. आईसमोर नको, गच्चीवर भांडू. आणि ओसीआय कार्ड आठवणीनं आण. मागच्या खेपेला ते विसरलास, तर विमानतळावर परदेशी माणसांच्या रांगेत उभं केलं म्हणून केवढा चिडला होतास!

तुझी,
धाकटी