वाट बुजली

कवठे येमाईच्या आमच्या वस्तीवरून टाकळी हाजीच्या कुंडांकडे जाणारी पायवाट कुणी आखलेली नव्हती. मेंढरांच्या खुरांनी आणि माणसांच्या टाचांनी ती पडली होती. मळगंगा देवीच्या यात्रेला आजी आम्हा पोरांना घेऊन पहाटेच निघायची. एक चढ सरला की वाटायचं, आता नदी दिसेल. पण पुढे उतार, कोरडा ओढा, पुन्हा चढ. कुसळं लुगड्यात रुतायची. हिवराच्या विरळ सावलीत बसून आजी ती एकेक उपटायची. चंडोल गात गात उभा आभाळात चढायचा. दूर कुठेतरी मेंढक्याची हाळी ऐकू यायची, आणि मेंढकाही दिसायचा. त्या उघड्या माळावर माणूस माणसाला लांबून दिसत असे. कोण येतंय, ते आजी चालीवरून सांगायची.

मग कुकडी. पाण्याने दगडगोटे फिरवून काळ्या कातळात कोरलेले रांजण, आणि पल्याड निघोज. तिथे आजी पाय सोडून बसायची आणि कितीतरी वेळ बोलायची नाही.

पुढे डिंभे धरणाचं पाणी आलं. घोडनदीवर बंधारे झाले, माळाची रानं झाली, रानात ऊस उभा राहिला. त्या पाण्याला मी नावं ठेवणार नाही. 1972 च्या दुष्काळात आजीने खडी फोडली होती. शिवारात पहिलं पाणी आलं तेव्हा तिने त्याला हळदकुंकू वाहिलं. पण ऊस पुरुषभर वाढला आणि वाटेची बोळ झाली. दोन्हीकडे हिरवी भिंत, वर आभाळाची चिंधी. पुढच्या वळणावर कोण आहे, हे कळेनासं झालं.

त्याच उसात बिबट्याच्या माद्या व्यायल्या. पिल्लांनी जंगल पाहिलंच नाही. ऊस हेच त्यांचं रान. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड-जांबूतच्या शिवारात महिन्याच्या आत बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले, त्यांत दोन लेकरं. त्यानंतर पिंपरखेडच्या बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला जाऊ लागल्या. आजीच्या गळ्यात काळ्या मण्यांची पोत असायची. त्या जागी खिळे पाहिले आणि मला रडू आवरलं नाही.

आमची वाट आता शोधूनही सापडत नाही. अर्धी नांगरटीत गेली, उरलेली भीतीने बुजली.

आमच्याच तालुक्याच्या पश्चिमेला पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाईच्या अंगाला अजून उघडे माळ आहेत, त्यांवर पायवाटा आहेत. तिथली माणसं वर्षानुवर्षं पाणी मागताहेत, आणि ते त्यांना मिळायलाच हवं. तोवर पोराबाळांना घेऊन एकदा त्या माळावर चालून या. दिवसाउजेडी.