थांबवून ठेवलेलं काम

प्रिंटचं बटण दाबलं की कागद बाहेर येतो, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. मलाही एवढंच ठाऊक असतं, पण माझं लग्न एका कॉम्प्युटर ऑपरेटरशी झालं. त्यामुळे आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवणाऱ्या मला बटण आणि कागद यांच्या मधली रांग माहीत झाली.

ऐंशीच्या दशकात हे मुंबईला एका मोठ्या कंपनीत रात्रपाळीला असत. काम मेनफ्रेमवर. तेव्हाचा प्रिंटर म्हणजे लोखंडी कपाटच. आयबीएमचा १४०३ नावाचा, १९५९ सालचं मॉडेल, एका ओळीत १३२ अक्षरं. त्याच्यातल्या वेगवान प्रकाराला मिनिटाला हजाराच्या वर ओळी छापता येत. गंमत म्हणजे कागद संपला की त्याचं झाकण आपोआप वर उचललं जाई. झाकणावर चहाचा कप ठेवणारा नवखा ऑपरेटर दुसऱ्यांदा कधी ठेवत नसे, असं हे हसून सांगायचे.

पण प्रिंटर कितीही वेगवान असला तरी कॉम्प्युटरच्या मानाने तो बैलगाडीच. प्रत्येक कामाने प्रिंटर मोकळा होण्याची वाट बघायची म्हटलं तर एवढं महागडं यंत्र नुसतं बसून राहणार. म्हणून छापायचं ते आधी डिस्कवर उतरवून ठेवायचं आणि प्रिंटरला सवडीने एकेक द्यायचं. याला स्पूलिंग म्हणतात. साठच्या दशकात ह्यूस्टनला, नासाच्या कामासाठी, आयबीएमच्या माणसांनी असा एक प्रोग्रॅम लिहिला. ह्यूस्टनचा ‘एच’ घेऊन त्याचं नाव पडलं हॅस्प. पुढे त्याचाच जेस-टू झाला. आजही जेस-टूचे निरोप पडद्यावर ‘डॉलर हॅस्प’ या अक्षरांनीच सुरू होतात. घर सोडलं तरी आडनाव राहावं तसं!

ऑपरेटरच्या आज्ञाही डॉलरच्या चिन्हाने सुरू होत. डॉलर डी म्हणजे दाखव. डॉलर सी म्हणजे रद्द कर. डॉलर पी म्हणजे हातातलं काम पुरं कर आणि मग थांब. डॉलर झेड म्हणजे आहेस तिथेच थांब. कागद फाटला तर डॉलर बी देऊन काही पानं मागे जायचं. मला सगळ्यात आवडायची ती डॉलर एच. होल्ड. काम रद्द नाही, पुढेही नाही, रांगेत आहे पण त्याची पाळी येणार नाही. डॉलर ए दिली की ते सुटायचं. पाळी बदलताना कुठली कामं होल्डवर आहेत ते वहीत लिहून पुढच्या माणसाला सांगावं लागे. का थांबवलं, कोणाला विचारायचं, सगळं. आमच्याकडे शाळेत सायक्लोस्टाइलच्या स्टेन्सिलवर पेपर निघायचे. तिथे रांग एकच, शिपाईमामांच्या मर्जीची. असो.

निवृत्तीनंतर यांनी घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स घातलं. तिथे छपाईचं काम कप्स नावाची व्यवस्था बघते. मायकल स्वीट यांनी ती लिहिली, १९९९ साली पहिल्यांदा बाहेर आली. माउस हातात असूनही हे काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करत. एलपीस्टॅट म्हटलं की रांग दिसते: कामाचा नंबर, कोणाचं, केवढं, कधीचं. कॅन्सल म्हणजे रद्द. एलपीमूव्ह म्हणजे एका प्रिंटरच्या रांगेतून दुसऱ्याच्या रांगेत. एक ते शंभर असा प्राधान्याचा आकडाही देता येतो. काही सांगितलं नाही तर पन्नास. आणि होल्ड होतंच. रागाचं पत्र लिहिलं की हे ते होल्डवर टाकायचे, सकाळी उठून वाचायचे आणि बहुतेक वेळा कॅन्सल करायचे. वीज कंपनी, सोसायटी, वर्तमानपत्राचे संपादक, किती जण वाचले असतील!

२०२२ साली हे गेले. प्रिंटर आधीपासून बिघडलेला होता, तो तसाच पडून राहिला. गेल्या दिवाळीत नातू आला, त्याने नवा आणला आणि जुन्याचं नाव काढून टाकायला बसला. मी सहज म्हटलं, आधी रांग बघ. त्याने एलपीस्टॅट दिलं. एकच ओळ आली. यांच्या नावावर, हॉस्पिटलात नेण्याच्या अकरा दिवस आधीची.

“आजी, जुना प्रिंटर काढला की हेही जाईल. काढू?”

कप्समध्ये असंच आहे, प्रिंटर काढला की त्याच्या रांगेतली कामंही जातात. मी म्हटलं, थांब. एलपीमूव्ह करून ते नव्या प्रिंटरकडे घेतलं आणि मग सोडलं. एक पान आलं.

पत्र धाकट्या भावजींना होतं. दोघांचं बोलणं बंद होऊन नऊ वर्षं झाली होती, गावच्या विहिरीलगतच्या तुकड्यावरून. सात-बारावर दोघांचीही नावं. पत्रात मायना आणि चार ओळी: तो तुकडा तू कसतोस, तूच ठेव, मी माझा हक्क सोडायला तयार आहे, कागद कर, मी येतो. खाली सहीची जागा मोकळी.

मुलगा म्हणाला, “आई, सही नाही, याला अर्थ नाही. बाबांनी पाठवलं नाही म्हणजे मन बदललं असेल.” कायद्याने त्याचं बरोबर आहे. पण मी यांना चाळीस वर्षं पाहिलंय. मन बदललं की हे कॅन्सल करायचे, त्यात आळस नव्हता. हे काम त्यांनी रद्द केलं नव्हतं. प्रिंटर दुरुस्त व्हायची वाट बघत होते, की स्वतःची, ते मला सांगता येणार नाही. पण होल्डवरचं काम पुढच्या पाळीला सांगायचं असतं, आणि घरात पुढची पाळी माझीच होती.

यांच्या मागे आता तो हिस्सा माझा आणि दोन्ही मुलांचा. हक्कसोडपत्र नोंदवायचं तर तिघांच्या सह्या लागतील. मी भावजींना फोन केला. पत्र वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग “वहिनी, पुन्हा वाचा” म्हणाले. दुसऱ्यांदा वाचताना माझाच आवाज गेला.

मुलगी सही करायला तयार आहे. मुलगा म्हणाला, विचार करतो. पत्र मी त्याच्याकडे दिलंय, त्याच्या टेबलावर आहे. रोज विचारत नाही.