अठरा तास

पहिल्यांदा पाहिलं ते आजीनं. दिवाळीत नातीच्या पाठीला उटणं लावताना ती म्हणाली, "इची पाठ एका बाजूनं वर येऊन राहिली का वं?" मुलगी तेव्हा बारा वर्षांची. मी दप्तराला दोष दिला. शाळेचा ड्रेस एका खांद्यावरून ओघळायचा, तो शिंप्याकडून आत घेऊन आणला. दोन महिन्यांनी गोंदियात एक्स-रे काढला, तर कण्याला 26 अंशांचा बाक. दप्तरानं असा बाक येत नाही, वाढीच्या वयात तो बहुतेकदा कारण न कळताच येतो, हे मला तिथं कळलं.

डॉक्टरांनी ब्रेस सांगितला. काखेपासून कमरेखालपर्यंत टणक प्लास्टिकचं कवच. आमच्या फुलचूरच्या उन्हाळ्यात पोरगी ते घालणार कशी, या विचारानंच माझा जीव दडपला. त्याच सुमारास एका ओळखीच्या माणसानं व्यायामवर्ग सुचवला. "व्यायामानंच सरळ होते, पट्टा कायले?" मला तेच ऐकायचं होतं. सात महिने तिनं एक दिवस चुकवला नाही. या काळात ती भराभर उंच झाली आणि बाक झाला 33 अंश. त्या रात्री मी झोपले नाही. चूक तिची नव्हती, माझी होती.

नागपूरच्या डॉक्टरांनी रागावण्याऐवजी समजावून सांगितलं. अमेरिका आणि कॅनडातल्या मुलामुलींवरचा एक मोठा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. ब्रेस घेणाऱ्यांपैकी 72 टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत 50 अंशांच्या आत राहिला, नुसतं लक्ष ठेवलेल्यांपैकी 48 टक्क्यांचा. ब्रेस जितके तास अंगावर, तितका गुण जास्त. आम्हाला अठरा तास सांगितले.

पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले. कमरेवर लाल वळ उठायचे. आत बिनशिवणीचा सुती बनियन, तो घामानं भिजला की बदलायचा. मे महिन्यात दिवसातून चार वेळा. जेवण थोडं थोडं करावं लागे. वर्गातल्या एकीनं पाठीवर टकटक केलं, तेव्हा ती घरी येऊन रडली. उरलेले सहा तास मात्र तिचे. गावच्या मंडईच्या जत्रेला जायचं तर ती आदल्या दिवसापासून तासांचा हिशेब करायची.

व्यायाम सोडला नाही. पण आता तो तिच्या बाकाकडे बघून शिकवलेला होता. जर्मनीच्या काटारिना श्रॉथ यांना स्वतःलाच हा बाक होता. 1921 पासून त्यांनी श्वास आणि तोल यांवर उभारलेली ही पद्धत. तिनं मुलीचा दम वाढला, उभं राहणं सुधारलं. पण वाढत्या वयात, एवढ्या बाकाला, एकट्या व्यायामावर विसंबू नये, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

आज ती पंधराची आहे. वाढ थांबत आल्यानं ब्रेसचे तास कमी होत आहेत. बाक 31 अंश आहे. पाठ सरळ झाली नाही; ब्रेसचं काम बाक थोपवण्याचं, आणि तो थोपला.

आयांनो, दहा वर्षांच्या पुढच्या लेकरांना पाय जुळवून, गुडघे न वाकवता पुढं ओणवं व्हायला सांगा आणि मागून पाहा. पाठीची एक बाजू उंच दिसली, तर त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.